गाडलेले सात टन खिळे

आमचा घरचा धंदा लोहारकामाचा. सळई तापवायची, ऐरणीवर चारी अंगांनी ठोकून निमुळती करायची, तोडायची आणि लाल आहे तोवर तिचं डोकं बसवायचं, एवढी मेहनत एका खिळ्यामागे असते हे मी लहानपणापासून बघत आलोय. म्हणून स्कॉटलंडमधल्या इंचटूथिलच्या उत्खननाबद्दल वाचताना माझं मन खिळ्यांपाशीच अडकलं.

ताय नदीकाठच्या पठारावर इ.स. 83च्या सुमारास रोमनांनी एका अख्ख्या लीजनसाठी, म्हणजे पाचेक हजार सैनिकांसाठी, किल्ला बांधायला घेतला. ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला तेव्हा उत्तरेकडे मुसंडी मारत होता. आतल्या इमारती लाकडी. पुढे तिथे गाव वसलं नाही, त्यामुळे लाकूड उरलं नाही तरी भिंतींसाठी खणलेले चर मातीत तसेच राहिले. पुरातत्त्वज्ञ इयन रिचमंड आणि हवाई छायाचित्रणातले जाणकार सेंट जोसेफ यांनी 1952 ते 1965 दरम्यान अरुंद खंदक घेत घेत या चरांचा माग काढला. त्यातून 64 बराकी, इस्पितळ, धान्यकोठारं असा सगळा आराखडा उभा राहिला. सेनापतीचा वाडा मात्र नव्हता. त्याची वेळच आली नाही.

डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर डेशियन लोकांनी रोमनांना जेरीस आणलं आणि ब्रिटनमधून एक लीजन तिकडे हलवावं लागलं. उरलेल्या फौजेत इतका उत्तरेकडचा किल्ला राखणं शक्य नव्हतं. इथे सापडलेली सर्वांत अलीकडची नाणी इ.स. 86-87ची आहेत, तीही जवळजवळ कोरी करकरीत. म्हणजे त्यानंतर लगेचच हा तळ उठला असणार. पण उठला तो पळापळीत नाही. लाकडं उपसली, काचेची-मातीची भांडी फोडून गटारात टाकली. आणि कारखान्याच्या जमिनीत सुमारे बारा फूट खोल खड्डा खणून त्यात खिळे ओतले.

1960 साली तो खड्डा उघडला. पावणेनऊ लाखांहून जास्त खिळे, वजन सुमारे सात टन! सोबत चाकांच्या नऊ लोखंडी धावा. बहुतेक खिळे दोन-अडीच इंचांचे, काही मात्र जवळजवळ हातभर लांब. चौकोनी अंगाचे, आणि एकूण एक हाताने घडवलेले. एवढं लोखंड वाहून न्यायला गाड्या नसाव्यात, आणि मागे ठेवलं तर शत्रूच्या भट्टीत त्याचीच तलवारी-भाल्यांची पाती झाली असती. वर सहा फूट खडी-माती दाबून त्यांनी खड्डा बुजवला. रोमन इतिहासकार टॅसिटसने अग्रिकोलाचं, म्हणजे आपल्या सासऱ्याचंच, चरित्र लिहिलं. त्यात या किल्ल्याचं नावही नाही. माघार कशी झाली हे मला तरी या खड्ड्यातूनच जास्त कळतं.

कडेचे खिळे गंजून एकमेकांना चिकटले आणि त्यांचं जाड कवच तयार झालं. त्याने पाणी आणि हवा अडवली, म्हणून आतले खिळे आजही ठोकता येतील असे निघाले. त्यांतले बरेच संग्रहालयांना दिले, बरेच लोकांना विकले. पुढे अणुकचरा लोखंडी पिंपांत भरून जमिनीत पुरला तर हजारो वर्षांत ती पिंपं किती गंजतील, याचा अंदाज बांधणाऱ्या शास्त्रज्ञांनीही हेच खिळे तपासायला घेतले. कारण एवढा काळ जमिनीत काढलेलं आणि पुरल्याचं साल माहीत असलेलं इतकं लोखंड त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?