लिनक्सवरील अभियांत्रिकी : मुक्तस्रोत आज्ञावलींची ओळख

तुळई भाराखाली किती वाकेल, पंपाच्या पात्यावरून पाणी कसे वाहील, इंजिनाच्या तापलेल्या भागात ताण कुठे साचेल, हे प्रश्न पूर्वी नमुना तयार करून आणि प्रसंगी तो मोडूनच सोडवावे लागत. आज त्यांची उत्तरे बहुतांशी संगणकावर शोधली जातात. मात्र त्यासाठीच्या व्यापारी आज्ञावलींचे परवाने लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचे असतात. मग चोरट्या प्रती वापरल्या जातात. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, बोलत कुणी नाही. लिनक्सवर चालणाऱ्या मुक्तस्रोत आज्ञावली हा यावरचा कायदेशीर मार्ग होय.

या आज्ञावली हौशी मंडळींची खेळणी आहेत, हा समज प्रथम दूर करावयास हवा. ‘कोड अॅस्टर’ ही आज्ञावली फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने १९८९ पासून स्वतःच्या वीजकेंद्रांतील यंत्रभागांच्या तपासणीसाठी विकसित केली आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. (तिची मूळ माहितीपुस्तके फ्रेंचमध्ये असून आज्ञांची नावेही फ्रेंच शब्दांवरून बेतलेली आहेत, नवख्याची पहिली अडचण तीच.) ‘कॅल्क्युलिक्स’चे कर्ते गुइडो धोंट व क्लाउस व्हिटिग हे जर्मनीतील एमटीयू या विमान-इंजिने बनवणाऱ्या कंपनीतील अभियंते. लिनक्सविषयी तर प्रश्नच उरलेला नाही : नोव्हेंबर २०१७ पासून जगातील अव्वल ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालतो.

प्रत्यक्ष काम एकाच आज्ञावलीत होत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. वस्तूचा त्रिमितीय आराखडा ‘फ्रीकॅड’मध्ये काढला जातो. २००२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती येण्यास २०२४ चा नोव्हेंबर उजाडला! आराखड्यात मागे जाऊन एखादा बदल केला की पुढची रचना कोसळत असे, हा तिचा जुना दोष या आवृत्तीत बराच कमी झाला. आराखड्याचे लहान-लहान घटकांत विभाजन, म्हणजे मेश, ‘जीमेश’ करते. गणित कॅल्क्युलिक्स सोडवते. आणि उत्तरे रंगीत चित्ररूपात ‘पॅराव्ह्यू’ दाखवते. उबुंटू वा डेबियनच्या भांडारातून हे सर्व विनामूल्य उतरवून घेता येते.

आता खरा प्रश्न : या उत्तरांवर विश्वास कसा ठेवावा? एक साधे उदाहरण घेऊ. एका टोकाला पक्की बसवलेली, एक मीटर लांबीची, ५० बाय ५० मिलिमीटर छेदाची पोलादी तुळई आणि मोकळ्या टोकावर १००० न्यूटन भार, म्हणजे सुमारे १०० किलोचे वजन. पाठ्यपुस्तकातील सूत्रानुसार टोक ३.२ मिलिमीटर खाली जावयास हवे. याच तुळईचे चार नोड असलेल्या चतुष्फलकांत ढोबळ विभाजन केले, तर संगणक याहून बरेच कमी वाकलेले दाखवतो, कारण असे घटक वाकण्याच्या बाबतीत खऱ्या पोलादापेक्षा ताठर असतात. दहा नोडचे घटक निवडले की उत्तर ३.२ च्या अगदी जवळ येते. पहिल्या चुकीच्या उत्तराचे चित्र मात्र दुसऱ्याइतकेच सुंदर दिसते!

दुसरा सापळा एककांचा. कॅल्क्युलिक्सला मिलिमीटर की मीटर हे कळत नाही. ती केवळ आकडे जाणते. मिलिमीटर आणि न्यूटन वापरले, तर पोलादाची घनता ७८५० न लिहिता ७.८५ भागिले १०० कोटी अशी लिहावी लागते, कारण त्या पद्धतीत वस्तुमान टनात येते. येथे ७८५० लिहिल्यास कंपनाची वारंवारिता दहा लाख पट कमी निघते, आणि आज्ञावली हूं की चूं करत नाही. व्यापारी आज्ञावलींपैकी अनेक या बाबतीत वापरकर्त्याला बऱ्यापैकी सांभाळून घेतात. म्हणून कोणतेही नवे गणित करण्यापूर्वी हाताने सोडवता येणारे उदाहरण करून पाहणे हा नियमच मानावा.

द्रव आणि वायूंच्या प्रवाहासाठी ‘ओपनफोम’ प्रसिद्ध आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जन्मलेली ही आज्ञावली डिसेंबर २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आली. ती चालवण्यास खिडक्या नि बटणे नाहीत; सारे काही साध्या मजकुराच्या फायलींत लिहावे लागते. प्रारंभी हे जाचक वाटते. परंतु कोणती समीकरणे, कोणत्या पद्धतीने व किती अचूकतेपर्यंत सोडवली, याची लेखी नोंद आपोआप तयार होते आणि दुसरा अभियंता ती ओळ न् ओळ तपासू शकतो. शंका आल्यास आज्ञावलीचे मूळ लेखनही उघडून पाहता येते. आमच्या मते फुकटेपणापेक्षा हा लाभ मोठा आहे. एक सूचना : ओपनफोमच्या आज एकाहून अधिक शाखा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात. एकीसाठी लिहिलेला पाठ दुसरीवर चालेलच असे नाही.

ग्राहकाने विशिष्ट व्यापारी आज्ञावलीतील फाइलच मागितली, तर मुक्त मार्ग अडतो. ‘स्टेप’ या सामाईक स्वरूपातील फाइल आकार पोहोचवते, पण तो कसा रचला याचा इतिहास सहसा पोहोचवत नाही.

शिकण्याची सोय मराठी वाचकांसाठी घराजवळच आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पातून ओपनफोम, सायलॅब आदींचे शिक्षणसाहित्य मिळते, आणि त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्ससह अनेक विषयांचे ध्वनिचित्र पाठ मराठीतूनही आहेत. तेथेच तयार झालेली ‘ओसडॅग’ ही आज्ञावली पोलादी जोडांचे आरेखन आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार करते. हाताने केलेल्या आकडेमोडीशी ताडून पाहण्यास विद्यार्थ्यांनी तिच्यापासून आरंभ करावा.