स्वर्गस्त्रीच्या पायांतील कांटा

बीड जिल्ह्यांतील धर्मापुरी येथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराच्या भिंतींवर सुरसुंदरी, म्हणजे स्वर्गांतील स्त्रिया, कोरलेल्या आहेत. अशा मूर्तींत कोणी दर्पणांत मुख न्याहाळते, कोणी पायांतील कांटा काढते. महाभारतांतील नलकथेप्रमाणें देवांचे पाय भूमीस लागत नाहींत. मग हा कांटा रुतला कसा?

याचें उत्तर धर्मविचारांत सांपडतें. पुण्य सरतांच स्वर्ग सुटतो, असें हिंदु शास्त्र सांगतें. बौद्ध मतानें देवही मरणाधीन आहेत. जैन मतानें मोक्ष मनुष्यजन्मांतूनच मिळतो. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत तर देवही नरदेहाची इच्छा धरितात. विदर्भकन्या दमयंतीनें देवांस सोडून घामानें भिजलेला, धुळीनें माखलेला नल वरिला. कांटा काढणारी सुरसुंदरीही जणूं भूमीचाच पक्ष घेते.