एक्सएसएलटी साच्यांतील दोषनिवारण

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजाचे दुसऱ्या एक्सएमएल, एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात रूपांतर करणारी संगणकीय भाषा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध केली. दुसरी २००७ मध्ये व तिसरी २०१७ मध्ये आली. या भाषेतील रूपांतराच्या नियमाला 'टेम्प्लेट' म्हणजेच साचा म्हणतात. घटकाच्या पोटात घटक असले, की साच्यांची खरी कसोटी लागते.

उदाहरण

एक्सएमएलमध्ये घटकांची नावे देवनागरीतही चालतात. समजा, जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या गावयादीत 'जिल्हा' या घटकात 'तालुका' व त्यात 'गाव' आहे आणि तिन्ही पातळ्यांवर आरंभी 'नाव' हा घटक आहे. जळगावचे १५ व धुळ्याचे ४ तालुके यादीत त्याच क्रमाने येतात. तालुक्याच्या साच्यात '//नाव' असा मार्ग लिहिल्यास शोध तालुक्यापासून नव्हे, तर दस्तऐवजाच्या मुळापासून सुरू होतो. पहिल्या आवृत्तीत 'व्हॅल्यू-ऑफ' ही सूचना सापडलेल्यांपैकी पहिलेच नाव छापते. परिणामी अमळनेर, चोपडा, साक्री, शिरपूर या सर्वांच्या जागी 'जळगाव' उमटते. हा दोष फसवा आहे. जळगाव हे जिल्ह्याचे आणि तालुक्याचेही नाव असल्याने यादीतील पहिला तालुका अचूक दिसतो. तेवढाच तपासून यादी पुढे गेली, तर शिरपूरची गावे जळगावच्या नावावर जमा होतात.

येथे नुसते 'नाव' लिहावे. तो मार्ग चालू घटकाच्या थेट अपत्यांपुरताच राहतो. './/नाव' हा अनेकांचा आवडता उपाय मात्र अर्धवट होय: दुसऱ्या आवृत्तीपासून तो तालुक्याच्या नावामागे त्यातील सर्व गावांची नावेही जोडतो.

इतर कारणे

साच्यात 'अप्लाय-टेम्प्लेट्स' राहून गेल्यास पोटातील घटक निकालातून नाहीसे होतात. याउलट, एकही साचा जुळला नाही तर भाषेचे अंगभूत नियम लागू होऊन मजकूर रचनेविना बाहेर पडतो. मूळ दस्तऐवजाला नामविश्व असणे व साच्यातील नावाला त्याचा उपसर्ग नसणे, हे यामागचे नेहमीचे कारण.

देवनागरी घटकनावांत आणखी एक खाच आहे. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने किंवा 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एक्सएमएलच्या लेखी ती भिन्न असल्याने साचा जुळत नाही. कोणता साचा प्रत्यक्ष चालला, हे त्यात 'मेसेज' ही सूचना घालून पाहता येते.