दोन जिवांची मात्रा

गर्भवती स्त्रीला मराठींत ‘दोन जिवांची’ म्हणतात. म्हणणारास शरीरशास्त्र ठाऊक असो वा नसो, शब्द शास्त्रशुद्ध आहे. त्याचा पुरता अर्थ मात्र वैद्यकास एका लहानशा ग्रंथीच्या विकारांत फार सावकाश उमगला. ती ग्रंथि म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली थायरॉईड. शरीराच्या चुलीचा जाळ किती असावा, हें तिचा रस ठरवितो. तो प्रमाणाबाहेर स्रवूं लागला कीं छाती धडधडते, हात कांपतात, सारखें उकडतें, आणि भूक असूनहि शरीर वाळतें.

या विकाराची एक अगदीं जुनी नोंद बाळंतिणीचीच आहे. इंग्लंडांतील बाथ येथें डॉ. कॅलेब पॅरी यांनीं १७८६ सालीं एक ३७ वर्षांची स्त्री तपासली. तिची धडधड एका बाळंतपणांतील दुखण्यानंतर सुरू झाली होती, आणि मूल अंगावर पीत असतांनाच गळ्याशीं अक्रोडाएवढी गांठ दिसली होती. पॅरींचें टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ त प्रसिद्ध झालें. पुढें १८३५ त डब्लिनचे ग्रेव्हज् आणि १८४० त जर्मनींतील बाझेडो यांनीं असेच रोगी वर्णिले. रोगास त्यांचीं नांवें मिळालीं. उपाय मिळाला नाहीं.

स्वित्झर्लंडचे शस्त्रवैद्य कोखर यांनीं ग्रंथीवरील शस्त्रक्रिया पुष्कळच निर्धोक केली. १९०९ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. मग बोस्टन शहरांत दोन वर्षांच्या अंतरानें दोन नवे उपाय निघाले. १९४१ त हर्ट्झ यांनीं किरणोत्सर्गी आयोडीन दिलें. १९४३ त अ‍ॅस्टवुड यांनीं रसाची उत्पत्तीच मंदावणारें थायोयुरॅसिल वापरलें.

आईला हें वरदानच होतें. पण दुसऱ्या जिवाचें काय? गर्भाची ग्रंथि बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन ओढूं लागते. आईला दिलेलें किरणोत्सर्गी आयोडीन ती ग्रंथि नष्ट करूं शकतें. म्हणून गर्भावस्थेंत तें वर्ज्य. गोळ्याहि वार ओलांडतात. मात्रा अधिक झाली तर आईची धडधड शमते, पण बाळाची ग्रंथि मंद होऊन त्यास गलगंड होऊं शकतो. उलट रोग मोकाट सोडला तर गर्भपात, अकालीं प्रसूति, कमी वजनाचें मूल, आईचा वाढता रक्तदाब आणि थकलेलें हृदय हे धोके आहेतच. सारा प्रश्न मात्रेवर येऊन ठेपला.

मात्रेला माप हवें. न्यूयॉर्कचे बर्सन व श्रीमती यालो यांनीं इन्सुलिन मोजण्यासाठीं शोधलेल्या पद्धतीनें पुढें रक्तांतील इतर सूक्ष्म रसहि मोजतां येऊं लागले. यालो यांना १९७७ त नोबेल मिळालें. मुंबईंत परळ येथें १९६३ त निघालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरनें थायरॉईडच्या तपासणीचें व उपचाराचें काम हातीं घेतलें.

आजची रीत या मापावर उभी आहे. पहिल्या सोळा आठवड्यांत औषध लागलेंच तर प्रोपिलथायोयुरॅसिल देतात. कारण कार्बिमॅझोलच्या वर्गांतील औषधानें गर्भाच्या टाळूवरील कातडींत दोष राहूं शकतो, असें १९७२ पासून दिसून आलें. परंतु प्रोपिलथायोयुरॅसिलनें क्वचित् यकृतास गंभीर इजा होते, असा इशारा अमेरिकेंत २०१० सालीं दिला गेला. म्हणून पुढील महिन्यांत औषध बदलावें काय, हें डॉक्टर ठरवितात. मात्रा कमींत कमी ठेवून आईच्या रसाचें माप मुद्दाम स्वाभाविक मर्यादेच्या वरच्या कांठाशीं राखतात, आणि सुमारें दर चार आठवड्यांनीं रक्त तपासतात. उत्तरार्धांत रोग बहुधा सौम्य होतो. बाळंतपणानंतर तो उलटण्याचा संभव असतो. गोळी स्वतःच्या मनानें सोडणें म्हणूनच धोक्याचें.

बोस्टनमध्यें हें औषध निघालें तेव्हां बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. तें राज्य सप्टेंबर १९४८ मध्यें संपलें. १९७४ त अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तें आज स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें ओळखलें जातें. रुग्णालय जिल्ह्यांत आलें. पण दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. हे पांच-सहा महिने म्हणजे गर्भाचा अर्ध्याहून अधिक काळ. तेथें नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. तपासणीसाठीं बाईनें एक दिवस घेतला कीं कोयता थांबतो. तिची धडधड, घाम व थकवा यांचा दोष उन्हाला आणि कष्टाला दिला जातो. दिवस भरत चालले तरी वजन वाढत नाहीं, ही खूण फडांत कोण पाहणार?

पॅरींच्या रोगिणीसाठीं उपायच नव्हता. आज उपाय आहे. पण तो गोळीच्या पाकिटांत पुरता मावत नाहीं. गोळी, रक्ततपासणीचा कागद आणि तो कागद वाचणारा डॉक्टर हीं तिन्ही उसाच्या फडापर्यंत पोंचलीं, तरच ती मात्रा दोन जिवांची होईल.