डावांची साखळी (कुस्ती व जुजुत्सू)

एका डावाच्या तोडीतूनच पुढचा डाव उभा करण्याची मल्लाची पद्धत. पहिला डाव बसला तर उत्तमच. पण जाणता मल्ल तो टाकतानाच प्रतिस्पर्धी कुठून निसटेल हे हेरून असतो आणि दुसरा डाव नेमका तिथे लावतो.

मराठी मातीत हे कसब जुने आहे. ढाक या डावात प्रतिस्पर्ध्याची मान व हात कवेत घेऊन त्याला फेकतात. ढाक चुकवण्यासाठी तो ताठ होऊन मागे रेलला, की त्याचे पाय पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, मोकळे सापडतात. पटाच्या धास्तीने फार वाकला, तर मान पुन्हा ढाकेच्या टप्प्यात येते. हे दोन डाव एकमेकांचे दार उघडतात, म्हणून ते सुटे शिकवणे अपुरे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाक डावासाठी ख्यात होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले.

कुस्तीच्या दंगलीत पाठ मातीला टेकली की निकाल लागला. ब्राझिलियन जुजुत्सूत मात्र पाठीवर पडलेला खेळाडूच अनेकदा हल्ला करत असतो. जपानी ज्यूदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी शिकले आणि त्या कुटुंबाने जमिनीवरची झुंज विशेष वाढवली.

‘क्लोज्ड गार्ड’मध्ये खालचा खेळाडू वरच्याच्या कमरेभोवती पाय आवळून घोट्यांची कडी घालतो. मग तो हात पकडून, कंबर वळवून ‘आर्मबार’ टाकतो, म्हणजे कोपर उलटे ताणतो. वरच्याने एक हात ओढून सोडवला, की दुसरा हात व मान पायांच्या ‘ट्रँगल’मध्ये अडकतात. अडकलेला हात त्याने मांडीबाहेर सरकवला, तर त्याच खांद्यावर पाय टाकून ‘ओमोप्लाटा’, म्हणजे खांद्याचे कुलूप, लागते. दुसरी साखळी उठून बसण्याची आहे: कमरेच्या धक्क्याने वरच्याला उलटवू पाहायचे, त्याने तोल सावरायला हात टेकला तर त्या हाताला ‘किमुरा’ कुलूप, डोके खाली घालून पुढे रेटला तर मानेला ‘गिलोटिन’चा फास. 1951 मध्ये जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांनी रिओत कार्लोस यांचे भाऊ एलियो ग्रेसी यांना ज्या कुलपाने हरवले, त्यालाच पुढे त्यांचे नाव मिळाले.

साखळी टिकते ती पकडीवर आणि कमरेच्या हालचालीवर. शिकाऊ खेळाडू फसलेला डाव सोडून देतो, मग नवा शोधतो. तेवढ्या अवधीत वरचा ताठ होऊन पायांची कडी फोडतो. म्हणून मनगटावरची किंवा मानेमागची एक पकड दुसरी पक्की होईपर्यंत सुटू देत नाहीत. सरावात जोडीदाराला तोड मुद्दाम, आधी संथ आणि मग पूर्ण ताकदीने करायला लावतात.