नक्कल कोणी कोणाची केली?

ऑर्निथोमायमस या नावाचा अर्थ 'पक्ष्याची नक्कल करणारा'. अमेरिकन संशोधक ऑथनिएल मार्श यांनी १८९० साली हे नाव ठेवलं, तेव्हा त्यांच्या हाती कोलोरॅडोतून आलेली हातापायाची थोडी हाडं होती, बस्स. पिसांचा पत्ताही नव्हता. पण पायाची घडण बघून त्यांना पक्षी आठवला. साहजिकच होतं म्हणा, दात असलेल्या प्राचीन पक्ष्यांवर दहा वर्षांपूर्वी त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला होता. (जबलपूरच्या बारा सिमला टेकडीतल्या काही मणक्यांनाही १९३३ मध्ये याच धर्तीवर 'ऑर्निथोमायमॉइड्स' असं नाव मिळालं. ते मणके आता वेगळ्याच, आखूड हातांच्या डायनासोरांचे मानतात.)

मला हे नाव जरा अन्यायाचं वाटतं. नक्कल करायची तर अस्सल आधी समोर हवं ना? हा प्राणी सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. लांब पाय, लांब मान, लहानसं डोकं, बिनदाताची चोच, म्हणजे शेपूट आणि नखांचे हात सोडले तर शहामृगच. पण शहामृग त्याच्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आला. शिवाय शहामृगाचे पूर्वज उडत होते, यांच्या घराण्यात कोणी कधी उडालंच नाही. दोघं वेगळ्या वाटांनी एकाच रूपाला पोचले. चोचसुद्धा यांची स्वतःची कमाई. स्पेनमध्ये सापडलेला पेलेकॅनिमायमस हा याच घराण्यातला जुना सदस्य, त्याच्या तोंडात तब्बल २२० च्या आसपास बारीक दात होते!

मग पक्ष्यांशी नातं काय? दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड डायनासोरांची एक मोठी फांदी आहे. टायरॅनोसॉरस तिच्यातलाच, ऑर्निथोमायमसही, आणि वेलोसिरॅप्टर व पक्षीही. मात्र पक्ष्यांकडे जाणारी डहाळी फुटायच्या आधीच ऑर्निथोमायमसचं घराणं वेगळं झालं होतं. म्हणजे पूर्वज नव्हे, चुलत भाऊबंद. म्हणूनच त्याच्या अंगावर काय होतं याला महत्त्व आहे.

चीनमध्ये १९९६ पासून पिसं असलेले डायनासोर मिळत होते, पण ते तळ्यातल्या अगदी बारीक गाळाच्या खडकात. नदीच्या वाळूत पिसं टिकणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे तिथे कोणी शोधतही नव्हतं. कॅनडातल्या अल्बर्टात १९९५ मध्ये ऑर्निथोमायमसचा एक सांगाडा मिळाला होता, वाळूच्याच खडकात. त्याच्या हाताच्या हाडांवर काळसर खुणा होत्या. पुढे २००९ मध्ये एका पिल्लाचा सांगाडा मिळाला, अंगभर तंतूंसारखी लव असलेला. तेव्हा कुठे त्या जुन्या खुणांचा अर्थ लागला. डार्ला झेलेनित्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये जाहीर केलं की पिल्लाला नुसती लव होती, मोठ्यांच्या हातांवर मात्र पंख होते. आधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत किती सांगाड्यांवरची पिसं छिन्नीने 'साफ' झाली असतील, या विचाराने माझ्या पोटात खड्डा पडतो.

माणसापेक्षा कितीतरी जड धूड, ते काय उडणार! आणि पंख पळण्यासाठी असते तर पिल्लालाही लागले असते. म्हणून संशोधकांचा अंदाज असा की हे पंख वयात आल्यावरच्या कामाचे, म्हणजे जोडीदाराला भुलवायला किंवा अंडी उबवायला. काहींना हे पटत नाही. त्यांच्या मते त्या खुणा कॅसोवरीच्या हातावर असतात तशा नुसत्या राठ काट्यांच्याही असू शकतील. असतील. तरी पिल्लू आणि मोठे यांच्यातला फरक उरतोच, आणि मला तोच जास्त बोलका वाटतो.

अल्बर्टातल्याच आणखी एका सांगाड्याचं वर्णन २०१५ मध्ये छापून आलं. त्याच्या शेपटीवर दाट पिसं होती, आणि मांडीच्या मध्यापासून खाली पाय उघडे. शहामृगाचे असतात तसेच, अंगातली उष्णता बाहेर टाकायला.