कोंडिवट्याहून मरोळला

अंधेरीच्या सीप्झमध्ये कंपन्यांच्या इमारतींआड एक पडकं चर्च आहे. छप्पर गेलं, भिंती उभ्या आहेत. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलेलं हे कोंडिवट्याचं चर्च. आम्हा मरोळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं मूळ गाव ते. १८४० मध्ये तिथे साथ आली आणि माणसं पटापट जाऊ लागली. शेवटी गावाने घरदार सोडून मरोळ गाठलं. चर्चही तिथे ठेवलं नाही. मरोळला नव्याने मांडलं. जीव घेऊन पळताना माणसं देव मागे टाकत नाहीत, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

पन्नासेक वर्षांनी मुंबईत प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. प्लेगचा जंतू दोन वर्षं आधीच सापडला होता, पण प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो हे सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. तोवर सरकार कौलं उतरवत होतं, जमिनी खणत होतं, चुना फासत होतं. काखेत किंवा जांघेत गाठ उठली की तीन-चार दिवसांत खेळ आटपे. हाफकिनची लस आली, पण ती फक्त निरोग्यांसाठी. अंथरुणावरच्या माणसाला खात्रीचा इलाज नव्हता. लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहिले.

प्लेगापासून देवाने राखावं म्हणून वांद्र्यापासून साष्टीच्या गावठाणांत याच काळात कितीतरी खुरीस, म्हणजे क्रूस, उभे राहिले. चौथरा, त्यावर दगडी खुरीस, मेणबत्तीपुरता कोनाडा. मे महिन्यात संध्याकाळी तिथे माळ, म्हणजे रोझरी, म्हणतात आणि मग उकडलेले चणे वाटतात.

हा अडाणीपणा होता, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लस घ्यायला, घर सोडायला या लोकांना देवाने अडवलं नव्हतं. हातात होतं ते करून झाल्यावर उरलं ते त्यांनी देवावर सोपवलं. आणि ते काही सौदा म्हणून नव्हे. माझी आजी सांगायची, आमच्या चुलत घरातली दोन माणसं प्लेगात गेली होती. नवस फळला असं त्या घराला म्हणता येणार नव्हतं. तरी खुरसाचा चुना त्यांनीच दिला, आणि पहिली माळ म्हणायला गाव त्यांच्याच अंगणात जमला.